अर्धं तिकीट आणि पूर्ण घरबंदी

2020 साली किनवटातला जो अस्सल गाववाला 65च्या वर होता, तो आदिलाबाद जिल्ह्यात जन्मलेला होता. कुणी गाव सोडून इकडं आलं, असा यात काही प्रकार नाही. किनवट तालुका तेव्हा हैदराबाद राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यातच होता. 1 नोव्हेंबर 1956ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि किनवट, राजुरा आणि बोथ तालुक्यातलं इस्लापूर सर्कल मुंबई राज्यात आलं. 1 मे 1960ला पुन्हा सगळे महाराष्ट्रात. म्हणजे आमच्या पिढीनं अंगणातली बाज न हलवता तीन राज्यं पाहिली. लोक देश बघायला जातात, आमच्याकडं राज्यंच येऊन गेली. त्यामुळं मार्च 2020मध्ये सरकार म्हणालं, ‘आहात तिथंच थांबा’, तेव्हा आम्हाला वाटलं, या कामाचा आपल्याला चांगला अनुभव आहे.

पण अनुभव असला तरी हुकूम आवडतोच असं नाही. मेपासून टाळेबंदीच्या प्रत्येक आदेशात एक वाक्य ठाण मांडून बसलेलं असायचं. बाकीचे नियम यायचे, जायचे, हे काही हलायचं नाही. 65 वर्षांवरच्या व्यक्ती, सहव्याधी असलेले, गरोदर स्त्रिया आणि 10 वर्षांखालची मुलं, यांनी घरीच राहावं. आमच्या कट्ट्यावरचे गुरुजी, झेडपीच्या शाळेतून निवृत्त झालेले, हे वाक्य वाचून दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. वय 65च्या जरा पुढं, साखर पंधरा वर्षांपासून. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “दोन प्रकारांत मी बसतो, हे मान्य. पण मला गरोदर बायांच्या ओळीत उभं करायचं काय कारण होतं?”

आता वय म्हणजे नेमकं कुठलं, हाही प्रश्नच. आमच्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस 1 जूनला नाहीतर 1 जुलैला येतो. त्या दिवशी आमच्या आया घाऊक बाळंत होत नव्हत्या. शाळा उघडली की मास्तर पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावायचे. कान हाताला लागला की पोरगं सहा वर्षांचं झालं. तारीख मग मास्तरांच्या टाकातून उतरायची. माझे हात लांब. चौथ्या वर्षीच कान सापडला आणि सरकारदरबारी मी कायमचा दोन वर्षांनी मोठा झालो. कट्ट्यावरचे कंडक्टर, एसटीतून निवृत्त झालेले, यांची गोष्ट उलटी. दहा-अकरा वर्षांचे होईपर्यंत शेळ्या राखल्या, मग शाळेत गेले, आणि मास्तरांनी कान बघून त्यांनाही सहाच वर्षं दिली. कागदावर जन्म 1 जुलै 1956. पण किनवट मुंबई राज्यात आलं त्या दिवशी पेढे मिळाले आणि आपण दोन खाल्ले, हे ते आजही शपथेवर सांगतात. चार महिन्यांचं पोर, पेढे दोन.

थोडक्यात, कोरोनाच्या साली कट्ट्यावर सगळ्यात म्हातारा माणूस कायद्यानं सगळ्यात तरुण होता, आणि मी, खरा 64चा, 66चा म्हणून घरात.

गुरुजींचा मुलगा पुण्यात. नातू जानेवारीत झाला. थंडी फार म्हणून तेव्हा गेले नाहीत. मार्चअखेरचं रिझर्वेशन केलं तर 22 मार्चपासून गाड्याच थांबल्या. तेव्हापासून ‘आपण गाडी करून पुण्याला जाऊत’ हा विषय कट्ट्यावर रोज निघायचा. कट्टा म्हणजे गोकुंद्याच्या रस्त्यावर एका बंद सॉमिलची भिंत. तिच्यावर चुन्याच्या खुणा करून आम्ही अंतर ठेवून बसायचो. अंतरामुळं मोठ्यानं बोलावं लागे, त्यामुळं आमची खासगी मसलत निम्म्या गोकुंद्याला पाठ होती.

एप्रिलच्या शेवटी गुरुजींना एक मोजमाप सापडलं. नांदेडला हुजूर साहिबच्या दर्शनाला आलेले पंजाबचे चारेक हजार यात्रेकरू टाळेबंदीत महिनाभर अडकले होते. ते तेव्हा बसगाड्यांनी घरी निघाले. गुरुजी म्हणाले, “यातून शिका. कुठं जायचं हे बघू नका, कुठं अडकायचं ते बघा. ज्या घरी चाळीस दिवस अडकलो तरी चाळिसाव्या दिवशी ताटात तूप पडंल, त्याच घरी जायचं.”

या मोजमापावर आमची सगळी सोयरीक घासून पाहिली. हिमायतनगरची बहीण चार दिवस टिकली असती. भोकरचे व्याही दुपारच्या चहापर्यंत. नांदेडच्या एका भाच्याचं नाव निघालं तेव्हा कंडक्टर नुसतेच खोकले, आणि त्या दिवसांत खोकला म्हटल्यावर सभा तिथंच बरखास्त झाली. उरलं पुणं. मुलाचं घर दोन खोल्यांचं. आक्का, म्हणजे गुरुजींच्या मंडळी, पदराआडून म्हणाल्या, “सून चांगली हाय. तिला चांगलीच राहू द्या.”

तरी ऑगस्टमध्ये गुरुजींनी ई-पास काढायचं मनावर घेतलं. जिल्ह्याबाहेर स्वतःच्या गाडीनं जायचं तर पास लागायचा. अर्ज मोबाईलवर, इंग्रजीत, फोटो 200 केबीच्या आतला. आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज भरून दिलेला माणूस, पण फोटोचं वजन करायची पाळी पहिल्यांदाच आली. ते जमलं, तर प्रवासाचं कारण आडवं आलं. आजारपण चालतं, मयत चालते. नातू सात महिन्यांचा झाला आणि अजून मांडीवर घेतला नाही, याला रकाना नव्हता.

“मयत लिहा,” कंडक्टर म्हणाले.

“कुणाची?”

“पुण्याला पोचंपर्यंत तुमच्या वयाचं कुणी ना कुणी सापडंलच की.”

अर्ज तसाच राहिला. आणि 20 ऑगस्टला बातमी आली की एसटी जिल्ह्याबाहेर सुरू, तिला पास लागत नाही. म्हणजे गुरुजी आणि आक्का, नवरा-बायको, काचा लावून आपल्या गाडीत बसले तर पास पाहिजे. तेच दोघं बावीस अनोळखी माणसांत एसटीत बसले तर नको. कंडक्टरांची छाती फुगली. म्हणाले, “एसटीवर सरकारचा विश्वास हाय, तुमच्यावर नाही.” त्यावर गुरुजींनी त्यांना एक जुनीच गोष्ट ऐकवली. एसटीत 65 वर्षांवरच्या माणसाला अर्धं तिकीट. एक सरकारी हात 65 झाले म्हणून अर्ध्या पैशात बोलावतो, दुसरा सरकारी हात 65 झाले म्हणून दाराला कडी लावतो. आकडा तोच. गुरुजींचा राग मात्र दोन्ही हातांवर नव्हता, कंडक्टरवर होता. त्यांना ना घरबंदी, ना अर्धं तिकीट.

2 सप्टेंबरपासून पासही उठला, आणि तिथं खरी पंचाईत झाली. आडकाठी असते तोवर माणसाला धीट राहता येतं. पास गेल्यावर कळलं की भीती आपल्याच खिशात होती. त्याच महिन्यात देशात दिवसाला नव्वद हजारांवर रुग्ण निघू लागले आणि पुण्याचं नाव रोज बातम्यांत. शेवटी मुलानंच फोन केला, “बाबा, येऊ नका.” गुरुजी लगेच म्हणाले, “मी तर तयार होतो रे.” इतक्या सुटकेच्या आवाजात इतकं खोटं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

दिवाळीत, पाडव्याला, 16 नोव्हेंबरला देवळं उघडली. आक्का म्हणाल्या, “पुण्याचं राहू द्या, मला माहूरला न्या.” यावर कुणाला तोंड वर करता येईना. माहूर आपल्याच जिल्ह्यात. रेणुकामाता साडेतीन पीठांतलं एक पूर्ण पीठ. सकाळी निघून संध्याकाळी परत, म्हणजे अडकायचा प्रश्न नाही. फक्त देवळांच्या नियमातही तेच वाक्य होतं: 65च्या वरच्यांनी घरी थांबावं. देवी उघडली होती, भक्त बंद होते.

गाडी गुरुजींच्या भाच्याची, चालवणारही तोच. चारचाकीला तेव्हा एक अधिक तीन असा हिशेब. गुरुजी, आक्का, मी आणि कंडक्टर, म्हणजे एक माणूस जास्त. कोण गळणार यावर भिंतीवर तास गेला. मग कंडक्टर स्वतःच म्हणाले, “मी एसटीनं येतो.” एसटी सप्टेंबरपासून पूर्ण भरून चालत होती. म्हणजे आमच्या गाडीत गर्दी होऊ नये म्हणून तो माणूस पन्नास माणसांच्या गर्दीत गेला, नियम कुठंही मोडला नाही, आणि वर पूर्ण तिकीट काढलं.

निघायच्या सकाळी आक्कांनी गाडीत काय काय चढवलं ते सांगत बसत नाही. काढ्याचा थर्मास तेवढा सांगतो, कारण तो पाजल्याशिवाय त्यांनी कुणाला दारात पाय ठेवू दिला नाही. मिरे इतके की साखर नसलेल्याच्याही डोळ्यांत पाणी. हवा खेळती राहावी म्हणून काचा खाली. रस्त्याचं काम चालू होतं, त्यामुळं हवेबरोबर अर्धा रस्ताही आत आला. सारखणीला पोचेपर्यंत पांढरे मास्क मुरमाच्या रंगाचे झाले. दोन्ही बाजूंना साग, पानं अजून झाडावर, कडेनं तांबूस व्हायला लागलेली. शिवारात कापसाची वेचणी. वेचणाऱ्या बायांपैकी एकीच्याही तोंडाला मास्क नव्हता, आणि आम्हाला बघून त्या हसत होत्या. गुरुजी म्हणाले, “हसू द्या. त्यांना घरी बसा म्हणणारं कुणी नाही, कारण त्या घरी बसल्या तर कापूस कोण काढणार?” हे बोलून त्यांनी पहिल्यांदाच काच वर केली.

वाट थोडी वाकडी करून उनकेश्वरला गेलो. पैनगंगेच्या काठी महादेवाचं ठाणं आणि गरम पाण्याचे झरे. कातडीच्या दुखण्याला चांगले म्हणून लोक लांबून येतात. त्या वर्षी सगळा देश घरोघर पाणी उकळून पीत होता, आमच्या तालुक्याला ते जमिनीतूनच फुकट मिळत होतं, आणि कुणी तिकडं फिरकत नव्हतं. आक्कांनी लांबूनच हात जोडले. भाचा म्हणाला, “काकू, गरम पाण्यात विषाणू मरतो म्हणे.” गुरुजी म्हणाले, “पाणी बघून मी सांगतो, यात अंडं उकडणार नाही, विषाणू काय उकडंल?” वादाला भरपूर जागा होती, पण कंडक्टरांचा फोन आला. ते माहूरला पोचून अर्धा तास झाला होता. चाळीस वर्षांत एसटीची एवढी चेष्टा आम्ही केली, त्या सगळ्याची परतफेड त्यांनी त्या एका फोनवर केली.

गडाच्या पायऱ्यांखाली एक पोरगं हातात ते पिस्तूल घेऊन उभं. कपाळाला लावलं की ताप सांगतं. आम्हा तिघांचा ताप ठीक निघाला. मग त्यानं अगदी नम्रपणे वय विचारलं. गुरुजी खोटं बोलू शकत नाहीत, हा त्यांचा व्यावसायिक आजार. मी माझं खरं वय 64 सांगायचं ठरवलं होतं, पण त्यानं आधार मागितलं आणि मास्तरांनी लिहिलेली दोन वर्षं तिथं टपून बसलेली होती. कंडक्टरांनी मात्र कार्ड असं काढलं की जणू सरकारी मोहोरच. “चौसष्ट. चाललो वर.” आणि गुडघ्यावर हात देत, दर पाचव्या पायरीला थांबत, आमच्यातला सगळ्यात जुना माणूस तरुणांच्या रांगेत गेला.

आक्कांचा पत्ता आम्हाला नंतर लागला. मास्क, त्यावर नाकापर्यंत पदर, वर डोक्यावरूनही पदर. दिसत होते फक्त डोळे. पोरानं त्यांना वय विचारलंच नाही. घरी एवढी वर्षं त्या सांगत होत्या की डोळ्यांवरून माझं वय कळत नाही, ते गुरुजींनी त्या दिवशी पायरीवर बसून मान्य केलं.

खाली आम्ही दोघं दगडावर बसून राहिलो. गुरुजींनी त्या पोराला 65 हाच आकडा का, 63 का नाही, यावर पाऊण तास शिकवलं. पोरगं शेवटी म्हणालं, “आजोबा, मी बारावी नापास हाय.” गुरुजी उठून उभे राहिले आणि विषय कोणते राहिले ते विचारू लागले. आक्का उतरल्या तेव्हा त्या दोघांचं इंग्रजीचं व्याकरण चालू होतं.

वरून येताना प्रसाद नव्हता, नियमात बसत नव्हता. माहूरचा प्रसाद म्हणजे तांबूल, खलबत्त्यात कुटलेला विडा. ज्याला एकही दात उरला नाही त्याला खाता यावा असाच तो असतो, आणि नेमका त्याच वयाला तो त्या वर्षी मिळाला नाही. आक्कांनी खालून विड्याची पानं घेतली, घरी कुटून खाल्ली. चव वेगळी आली. त्याचा दोष त्यांनी आमच्या खलबत्त्याला दिला.

परतीला कंडक्टर पुन्हा एसटीनं. घरी आल्यावर त्यांनी हिशेब मांडला: दोन्ही वेळचं पूर्ण तिकीट, खऱ्या वयानं अर्धं लागलं असतं, तर फरक तुम्ही तिघांनी वाटून द्या, कारण तुमच्या गाडीत जागा नव्हती. गुरुजी म्हणाले, “शेळ्या राखायच्या सोडून वेळेवर शाळेत आला असता तर?” हे भांडण मार्चपर्यंत पुरलं. 1 मार्च 2021ला 60च्या वरच्यांना लस सुरू झाली, तेव्हा पहिल्यांदाच आम्ही चौघंही कागदावर एका बाजूला आलो. मग एप्रिल आला. पास परत आला, देवळं परत मिटली, आणि भिंतीवरच्या चुन्याच्या खुणांपैकी दोन त्या उन्हाळ्यानंतर रिकाम्याच राहिल्या. त्याबद्दल भिंतीवर कुणी बोलत नाही.

जूनमध्ये पाऊस चांगला झाला. 1 जुलैला सकाळी सातला कंडक्टर माझ्या दारात, नवा शर्ट, हातात आधार. “चला, सहस्रकुंडाला. धबधबा सुटला म्हणतात.” धबधब्याचा एक काठ आपल्या नांदेड जिल्ह्यात, समोरचा यवतमाळात. आपला काठ धरून बघायचं, म्हणजे पासाची भानगड आली तरी बघता येतं, एवढा विचार त्यांनी करून ठेवला होता. इस्लापूरची गाडी लागली होती. दोघंही खिडकीशी, मागंपुढं. तरणा कंडक्टर आला. माझं कार्ड बघून त्यानं अर्धं तिकीट फाडलं. मग यांचं कार्ड हातात घेतलं, तारीख वाचली, यांच्या तोंडाकडं पाहिलं, पुन्हा तारीख वाचली.

“बाबा, यात वय कमी लागलंय वाटतं.”

“लागलंय,” ते म्हणाले, “आज पुरतं झालं. फाड अर्धं, आन् बेल दे, गाडी लेट व्हायली.”