शून्य केलं का?

प्रत्येक सोसायटीत एक काटेकोर काका असतात. आमच्या मजल्यावरचे काका बँकेतून निवृत्त झाले आणि तपासायला घरात एकच वही उरली: काकूंची पाककृतींची. पहिल्याच पानावर लिहिलेलं, ‘लोणी लिंबाएवढं.’

“कुठल्या लिंबाएवढं?” काका म्हणाले. “उन्हाळ्यातल्या की श्रावणातल्या?”

दुसऱ्या दिवशी घरात डिजिटल काटा आला.

पहिली धाड वाट्यांवर. आपल्याकडे वाटी घरात माप म्हणून येतच नाही, आहेर म्हणून येते. काकांनी एकेक वाटी काट्यावर ठेवली, शून्य केलं, काठोकाठ पाणी भरलं. बारशातली ११५ ग्रॅम, मुंजीतली १६०, आणि काकूंच्या मामांनी लग्नात दिलेली, नाव कोरलेली, १८५! “या वाटीनं तू जन्मभर जास्त साखर घालत आलीस.”

“मामा सढळ हाताचाच होता,” काकू म्हणाल्या.

पण काकांचा खरा जीव अडकला बटरमध्ये. न्यू जर्सीच्या लेकीनं केकची कृती धाडली, तीत ‘दोन स्टिक बटर’. तेव्हापासून लिफ्टमध्ये सापडलेल्या माणसाला तळमजला येईपर्यंत कळतं की अमेरिकेतली बटरची कांडी पाव पौंडाची, म्हणजे ११३ ग्रॅमची असते. तिच्या कागदावरच आठ टेबलस्पूनच्या रेघा छापलेल्या असतात. दोन कांड्यांचा एक कप, म्हणजे २२७ ग्रॅम. एकदा माझ्या तोंडून निघून गेलं, “पण त्या कपात पाणी तर २३७ ग्रॅम मावतं ना?” लिफ्ट पुन्हा वर गेली. बटर पाण्याहून हलकं. टेबलस्पूनभर भरतं १४ ग्रॅम. ऑस्ट्रेलियाचा टेबलस्पून मात्र २० मिलीचा, तेव्हा तिकडच्या कृतींच्या वाटेलाच जायचं नाही! ‘कप म्हणजे किती ग्रॅम’ असं नुसतं विचारणारा माणूस त्यांच्या लेखी अडाणी. कशाचा कप? मैद्याचा सव्वाशे, साखरेचा दोनशे.

आता खरं सांगायचं तर माणूस चुकत नाही. फ्रिजमधलं घट्ट बटर कपात कितीही दाबा, कुठे ना कुठे पोकळी राहतेच. त्यावर एक जुनी युक्ती आहे: कपात अर्ध्यापर्यंत पाणी घ्यायचं, पाणी कपाच्या रेघेला टेकेपर्यंत बटर टाकत जायचं, की झालं अर्धा कप बटर. काकांनी तीही करून पाहिली. बटर तरंगलं. ते बुडवायला त्यांनी बोट लावलं, तर पाणी आणखी वर चढलं. “बोटाचं किती धरायचं?” हा प्रश्न घेऊन ते माझ्या दारात उभे होते, बोट तसंच वर धरून.

घरच्या लोण्याला तर त्यांनी केकमध्ये साफ बंदीच केली. बाजारच्या बटरमध्ये ऐंशी टक्के स्निग्धांश ठरलेला, “तुझ्या लोण्यात ताक किती राहिलंय हे तुला तरी ठाऊक आहे का?” काकूंनी ते लोणी निमूटपणे कढवून तूप केलं. बेरी काकांनीच साखर घालून खाल्ली, न मोजता.

आणि एक पालुपद, “शून्य केलं का?” भांडं ठेवलं की आधी शून्य, मग माल. वाण्याला विचारून झालं, सराफाला विचारून झालं. भाजीवालीकडे तर साधा तराजू. तिनं चार मिरच्या जास्त टाकून सुटका करून घेतली.

गेल्या महिन्यात लेक आली, केक ठरला. मी उसनी साखर परत करायला गेलो होतो. काकूंनी अर्ध्या किलोची बटरची वडी घेतली, नजरेनंच सुरी फिरवली, निम्म्याहून जरा लहान तुकडा बटर पेपरवर ठेवून काकांपुढे सरकवला. “घ्या, दोन कांड्या.”

काट्यावर आकडा उमटला, २२८. काकांचा चेहरा कॅशियरच्या हिशेबात चूक सापडल्यासारखा उजळला. “एक ग्रॅम जास्त!”

काकू मैदा चाळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “अहो, कागदाचं शून्य केलंत का?”