पुठ्ठा

शिरूर-न्हावरा-चौफुला रस्त्यावरच्या कुठल्याही गावात एक अण्णा असतात. अण्णांकडे जुनी बुलेट असते आणि बुलेटच्या कॅरियरला सुतळीनं बांधलेला एक पुठ्ठा असतो. कुणाच्या अंगणात गाडी लावली की अण्णा आधी इंजिनाखाली पुठ्ठा सरकवतात, मग ‘राम राम’ म्हणतात. फरशीवर डाग पडल्यावर केलेला राम राम कुणी घेत नाही, हे ते अनुभवानं शिकलेत.

गाडी लोखंडी इंजिनाची, उजव्या पायात गिअर. कंपनी 1955 साली मद्रासला निघाली, पण अण्णा ‘मूळची इंग्लंडची’ एवढंच सांगतात. त्यामुळे गळतीलाही घराणं लाभतं.

निघताना ते पुठ्ठा पत्रिकेसारखा वाचतात. डाग मधोमध, तर ड्रेन प्लग. मागं सरकला, तर गिअरबॉक्सच्या स्प्रॉकेटमागचं सील. डावीकडं, तर क्लच साइडचं झाकण. हे अख्खं झाकण मधल्या एकाच नटावर. “ढिलं सोडलं तर गळतं, फार आवळलं तर वाकतं आणि दुप्पट गळतं,” असं अण्णा सांगतात आणि स्वतः मात्र दरवेळी अर्धा आटा जास्तच आवळतात. पोराच्या बाबतीतही त्यांचं तेच आहे.

वर तेल नेणाऱ्या नळ्यांना तांब्याचे वायसर असतात. नवा वायसर काही रुपयांना मिळतो, पण अण्णा वहिनींचं चहाचं भांडं उतरवून गॅसवर सांडशीत जुनाच धरतात, लालबुंद करतात आणि पाण्यात टाकतात. चर्रर्र! दाबून दाबून कडक झालेलं तांबं असं मऊ पडतं आणि पुन्हा जागेवर नीट बसतं. “माणसाचं जमतं का असं?” वहिनी भांडं परत ठेवत विचारतात.

उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्याची चाळण केली की पुढचे शॉकप ठकठक वाजू लागतात. मग अण्णा खालचा स्क्रू काढून, हँडल दाबून दाबून काळं पाणी झालेलं तेल काढतात. नवं तेल वरून, दोन्हीकडं अगदी सारखं, खोकल्याच्या औषधाच्या टोपणानं मोजून. मध्येच कुणी ‘किती वाजले?’ विचारलं की मोजणी चुकते आणि सगळं तेल पुन्हा बाहेर.

परवा पोरासाठी मुलगी बघायला दौंडला गेले. घरची मंडळी जीपमधून, अण्णा बुलेटवर. पुठ्ठा वाटेत कुठंतरी पडलेला. अण्णांचा चेहरा उतरला. मुलीचे वडील रेल्वेतून निवृत्त. त्यांनी गाडी बघितली, न बोलता आत गेले आणि पुठ्ठा घेऊन आले. पडवीत त्यांची म्हैसूरची येझदी उभी होती, तीही पुठ्ठ्यावर.

दोघं उकिडवे बसले ते उठेचनात. आत पोहे गार झाले. शेवटी मुलगीच चहा घेऊन बाहेर आली. ट्रे धरून वाकली, पुठ्ठ्याकडं बघितलं.

“काका, क्लच साइडचा नट जास्त आवळलाय तुम्ही.”

अण्णांनी एकदा पोराकडं पाहिलं, कप उचलला आणि म्हणाले, “मुहूर्त कधीचा धरायचा?”