पूलपती

फिनिक्सच्या शेजारी चँडलरमध्ये घर घेणाऱ्या मराठी माणसाच्या पदरात पुष्कळदा पोहण्याचा तलावही पडतो, मागितलेला नसला तरी. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या गावात त्याचं अप्रूप असायला हवं. पण या तलावमालकांत एक असा असतो, की त्याला पाण्यापेक्षा पाइपात जास्त रस. तो पूलपती.

पूलपती चिप कंपनीत इंजिनिअर. पुण्यात घरचा नळ गळत असला, की वडिलांनी चारदा हाक मारल्यावर हा प्लंबरला फोन करायचा. इथे प्लंबर तासाचा भाव डॉलरमध्ये सांगतो, मनातल्या मनात त्याचे रुपये होतात आणि त्या धक्क्यातून कारागीर जन्माला येतो.

‘‘आता क्लोरिन बंद. नुसतं मीठ!’’ असं सांगून त्याने वहिनींकडून मिठाच्या यंत्राचा खर्च मंजूर करून घेतला. हे धादांत खोटं आहे. खाऱ्या पाण्यातून वीज गेली की यंत्रातल्या टायटॅनियमच्या पट्ट्यांवर क्लोरिनच तयार होतो. पूर्वी डब्यातून यायचा, आता घरी बनतो. बारावीच्या केमिस्ट्रीत उत्तम मार्क मिळवलेल्या माणसाला हे ठाऊक नसेल?

यंत्र बसवायचा मुहूर्त शनिवारचा. पाण्याच्या वाटेवर आधी पंप, मग फिल्टर, मग हीटर आणि सगळ्यांच्या शेवटी सेल, म्हणजे यंत्रातला त्या पट्ट्यांचा भाग, कारण ताज्या क्लोरिनचं पाणी हीटरच्या तांब्यातून जायला नको. इथवर पूलपतीचं गणित चोख. पाइप कापला, जांभळा प्रायमर फासला (थोडा वहिनींच्या फरशीलाही; तो डाग अजून आहे), सोल्यूशन लावलं, सांधा पाव वळसा फिरवून घट्ट दाबून धरला. ‘‘हलू नका कोणी!’’ पाइप एकट्याच्याच हातात होता, तरी बजावलं सगळ्यांना. सांधा पक्का झाल्यावर फरशीवर एक नट शिल्लक दिसला. युनियनचा, म्हणजे उघडता येणाऱ्या जोडाचा, नट पाइपात आधी ओवायचा असतो, आणि तो राहून गेला होता. पीव्हीसीचा चिकटलेला सांधा म्हणजे आपल्याकडची जुनी लग्नं, सुटायची सोय नाही. पाइप पुन्हा कापावा लागला.

‘‘अहो, प्लंबरला बोलवा ना,’’ वहिनी म्हणाल्या. पूलपती तोवर गाडीत बसून दुकानाकडे निघालासुद्धा होता.

मग मीठ. पंधरा हजार गॅलन पाण्याला चाळीस पौंडांची दहा पोती, म्हणजे साधारण १८० किलो, आणि तेही बिनआयोडिनचं. पुण्याहून आईने व्हिडिओ कॉलवर पोत्यांची थप्पी पाहिली. ‘‘अरे, एवढ्या मिठाचं लोणचं घालणारेस कशाचं?’’ समुद्राच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याइतकंच खारं पाणी, आपल्या अश्रूंहूनही कमी, असं त्याने समजावलं. मग एवढा खर्च कशाला केलास, हा आईचा पुढचा प्रश्न त्याला नीट ऐकू आला नाही. रेंज गेली, म्हणे.

यंत्र सुरू झालं आणि पूलपतीला आयुष्यभराचं काम मिळालं. या यंत्रामुळे पाण्याचा पीएच चढत राहतो, म्हणून ॲसिड घाला. ॲरिझोनाचं पाणी जड, पट्ट्यांवर पांढरा थर धरतो, म्हणून सेल काढून पातळ ॲसिडने धुवा. उन्हाने क्लोरिन उडतो, म्हणून त्याला सांभाळणारं आणखी एक रसायन. सगळ्याची नोंद एक्सेलमध्ये. पाहुण्यांची पोरं उड्या मारायला धावली की हा टेस्ट किट घेऊन काठावर आडवा उभा. ‘‘थांबा रे, रीडिंग घेऊ दे.’’ रीडिंग होईस्तोवर जेवणाची पानं मांडून झालेली असतात.

स्वतः तो त्या पाण्यात उतरलेला कोणी पाहिलेला नाही. मला विचाराल तर त्याला पोहता येत नसावं.

चँडलरला त्याच्याकडे जेवायचं बोलावणं आलंच, तर पोहण्याचे कपडे न्यायची तसदी घेऊ नका. आणि पाइपाबद्दल चुकूनही काही विचारू नका; वहिनींची आमटी थंड होते.