तारांकित प्रश्न

तुमच्या ओळखीच्या बँडमध्येही तो आहेच: तारांनी पछाडलेला बेसिस्ट. बाकीचे गाण्यांची यादी ठरवत असतात, तेव्हा हा ४५–१०५चा सेट घ्यावा की ५०–१०५चा, या विवंचनेत असतो. हे आकडे बेस गिटारच्या तारांच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागात मोजलेले. म्हणजे वाद सगळ्यांत बारीक तारेच्या पाच हजारांश इंचाचा. एवढ्यानं काय होणार, असं विचारलं की तो डोळे अर्धवट मिटून म्हणतो, ‘फरक पडतो.’ निकेलचा मुलामा की स्टेनलेस स्टील? फरक पडतो. तारेचा गाभा गोल की षट्कोनी? फरक पडतो. खुंटीला वेढे तीन की चार? पडतोच. बेसचा सेट साध्या गिटारच्या सेटपेक्षा कितीतरी महाग, म्हणून तो जुन्या तारा पातेल्यात उकळूनही पाहतो. उकळल्यानं वेढ्यांत अडकलेला घाम आणि मळ सुटतो, तारा चार दिवस पुन्हा खणखणतात, हे खरं. पातेलं मात्र स्वयंपाकातून कायमचं बाद होतं. इथे फरक पडतो, हे घरच्यांनाही मान्य असतं.

या माणसाला हसण्याआधी त्याचं म्हणणं तपासलं पाहिजे, कारण त्याचा निष्कर्ष त्याच्या युक्तिवादापेक्षा पुष्कळ चांगला आहे. बेसची तार म्हणजे पोलादी गाभ्यावर गुंडाळलेली दुसरी तार. वरची तार चपट्या पट्टीसारखी असेल तर ती फ्लॅटवाउंड: स्पर्शाला गुळगुळीत, आवाजाला भरीव, थोडी बसक्या गळ्याची. गोल असेल तर राउंडवाउंड: खरखरीत, झळाळती, पण खाचांत मळ साठला की लवकर मंदावणारी. लिओ फेंडरनं १९५१ साली प्रिसिजन बेस बाजारात आणला, तेव्हा फ्लॅटवाउंडचाच जमाना होता. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या असंख्य गाण्यांत बेस वाजवणारा जेम्स जेमर्सन ला बेलाच्या जाडजूड फ्लॅटवाउंड तारा वापरायचा आणि तुटल्याशिवाय बदलायचा नाही. तिकडे लंडनमध्ये ‘द हू’च्या जॉन एंटविसलला तारेतून पियानोसारखी झळाळी हवी होती. ‘माय जनरेशन’च्या वेळचा किस्सा त्यानंच सांगितलेला आहे: डॅनइलेक्ट्रो बेसच्या बारीक तारा त्याला आवडल्या, त्या तुटल्या, सुट्या तारा लंडनमध्ये मिळेनात, म्हणून त्यानं तारांसाठी आणखी एक अख्खा बेसच विकत घेतला. पुढे तारा बनवणाऱ्या रोटोसाउंडच्या जेम्स हाउबरोबर बसून त्यानं मनासारख्या राउंडवाउंड तारा घडवून घेतल्या. आपला मित्र एकाच बैठकीत या दोघांचे दाखले देतो. एक तारा बदलत नव्हता, दुसरा तारांपायी गिटार बदलत होता. आणि दोन्हींतून सिद्ध काय होतं, तर फरक पडतो.

यावर कुणी म्हणेल, दोन उलट मार्गांनी दोघंही थोर झाले, म्हणजे तारेनं काहीच फरक पडत नाही. हा निष्कर्ष घाईचा आहे. जेमर्सनच्या गाण्यांत गायक, कोरस, तंतुवाद्यं, ब्रास अशी दाटी असायची. तिथे ठसका मारून लगेच मिटणारा स्वर हवा होता. ‘द हू’मध्ये गिटार एकच, त्यामुळे उरलेली पोकळी बेसनं भरायची होती. दोघांनी तार कामावरून निवडली, पुस्तकी नियमावरून नव्हे. नियम पाळायचा तर हेवी मेटलला फ्लॅटवाउंड वर्ज्य. पण आयर्न मेडनचा बेसिस्ट स्टीव्ह हॅरिस वर्षानुवर्षं त्याच तारा वापरून घोडदौड करतो आहे.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: श्रोत्याला हे ऐकू कुठे येतं? चार तारांच्या बेसची सर्वांत खालची मोकळी तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते, आणि मोबाइलच्या स्पीकरातून तेवढा खर्ज जवळपास उमटतच नाही. तरीही आपल्याला तो स्वर कळतो, कारण वरचे उपस्वर ऐकून मेंदू खालचा स्वर मनानं भरून काढतो. ते उपस्वर किती उमटतील आणि किती टिकतील, हे मोठ्या प्रमाणात तारेवरच ठरतं. म्हणजे स्पीकर जितका फालतू, तितकी तारेची निवड महत्त्वाची! शिवाय जाड तार त्याच स्वराला आणायची तर ताण वाढतो, मान वाकते, ती सरळ करायला आतला ट्रस रॉड फिरवावा लागतो. बोटांना तर हे आधीच कळलेलं असतं. तंबोऱ्याच्या तारेखाली जवारीचा दोरा केसभर सरकवत बसलेल्या गवयाला आपण साधक म्हणतो आणि या बिचाऱ्याला विक्षिप्त, हा शुद्ध पक्षपात आहे. पडतो हो, फरक पडतो.

चूक आहे ती वेगळीच. तो तारांची परीक्षा बंद खोलीत, एकट्यानं, हेडफोन लावून करतो. आणि तार ज्या कामासाठी निवडायची, ते कामच त्याच्याकडे फारसं नसतं. जेमर्सनच्या तारा रोजच्या राबण्यानं मळल्या, याच्या पाकिटातल्या पाकिटात जुन्या होतात. पण यात त्याचा दोष किती? बेसिस्टकडे पाहायची आपली रीतच नाही. जेमर्सन १९५९च्या सुमारापासून मोटाउनसाठी वाजवत होता, तरी त्या कंपनीच्या तबकडीच्या वेष्टनावर त्याचं नाव झळकायला मार्विन गेचा १९७१ सालचा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ यावा लागला. राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांवर पिढ्यान्‌पिढ्या नाचल्या, पण त्यांच्या वाद्यवृंदात बेस वाजवणारे टोनी वाझ किती जणांना ठाऊक आहेत? गायकाला आवाजाबद्दल विचारतात, गिटारिस्टला सोलोबद्दल. बेसिस्टला कुणी काही विचारत नाही. मग तो स्वतःच प्रश्न काढतो आणि आयुष्यभर त्याची उत्तरं देत बसतो.

म्हणून त्यानं सल्ला मागितला, तर डोळे मिटून कुठल्याही सेटचं नाव सांगावं आणि लगेच कार्यक्रमाची तारीख द्यावी. आठवड्यातून दोन रात्री ड्रमच्या शेजारी उभं राहून वाजवावं लागलं, की कोणती तार ठेवायची हे ते गाणंच ठरवतं. मानधनही द्यावं. त्याचं तो काय करेल, हे सांगायला नको. पण निदान पातेलं तरी वाचेल.