असू द्यावं

आमच्या साडूंना तुम्ही ओळखता. नाव वेगळं असेल, पण लग्नाला जाताना खिशात सुईदोरा आणि काशीला निघताना पान्यांचा संच घेणारा गृहस्थ तुमच्याही नात्यात आहेच. ‘हे कशाला?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं. ‘असू द्यावं.’

हॉटेलात उतरून कोकण दिसत नाही, हे त्यांचं मत. म्हणून तंबू. पुण्याहून ताम्हिणीतून दिवेआगर, श्रीवर्धन, बागमांडल्याला गाडीसकट बोटीत, पलीकडे वेसवीला उतरून वेळास, केळशी, आंजर्लं, मग दाभोळला पुन्हा बोट आणि गुहागर. अंतुल्यांनी ज्या सागरी महामार्गाचं स्वप्न पाहिलं तो रेवस-रेड्डी रस्ता, त्याला चाळीस वर्षं उलटली तरी खाड्यांवरचे पूल अजून होतातच आहेत. साडूंना त्यात काही वावगं वाटत नाही. पूल झाले तरी बोटी असू द्याव्यात, असं त्यांचं म्हणणं.

डिकीत आमच्या बॅगांना जागा नव्हती. तिथे तंबू, ताडपत्री, सात बॅटऱ्या, बॅटऱ्या संपल्या तर कंदील, कंदील फुटला तर जास्तीची काच, विळी, कुकर, कुकरच्या दोन शिट्ट्या आणि इस्त्री.

‘अहो, तंबूत वीज कुठून आणणार?’

‘असू द्यावं.’

सगळ्यात खाली अर्धं पोतं सोललेले नारळ. मार्केट यार्डातून विकत घेऊन कोकणात न्यायला निघालेले! मी कपाळाला हात लावला, तर म्हणाले, ‘ऐन वेळी शोधत कुठे फिरणार?’

वेळासला संध्याकाळी कासवाची पिल्लं समुद्रात सोडतात, ती बघायला गेलो, तेव्हा साडूंनी सातही बॅटऱ्या बाहेर काढल्या. तिथल्या कासवमित्राने हात जोडले. पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात, बॅटरी दिसली की समुद्र सोडून भलतीकडे वळतात. साडू मुकाट्याने बॅटऱ्या ठेवून आले. बाहेर निघालेली त्यांची वस्तू न वापरता परत आत गेलेली मी तेवढी एकदाच पाहिली.

गुहागरला ओहोटी होती. एवढी वाळू बघून मुलांनी पाण्याजवळच तंबू ठोकला. सासूबाई मूळच्या केळशीच्या. त्यांनी विचारलं, ‘आज तिथी काय?’ चार मोबाइल बाहेर आले, एकालाही रेंज नव्हती. साडूंनी डिकीतून कालनिर्णय काढलं. भिंतीवरचं, खिळ्यासकट. द्वादशी निघाली. सासूबाईंनी तिथीची पाऊणपट केली आणि म्हणाल्या, ‘नऊला पुरती भरती. उचला तो तंबू.’

तंबू सुरूच्या बनाशी आणला, तर वारा सुटला. कोरड्या वाळूत खुंट्या धरेनात. एक ठोकावी तर दुसरी उपटून येई. साडू पोत्याकडे गेले. एकेक नारळ पिशवीत घातला, पिशवीच्या तोंडाला तंबूची दोरी आवळली, कोपरभर खोल खड्ड्यात पुरला, वर वाळू लोटून पायाने दाबली. रात्रभर वारा घोंघावत होता. तंबू फडफडला, पण जागचा हलला नाही. सकाळी ते गुडघ्यांवर बसून नारळ उकरत असताना एक म्हातारे गृहस्थ बनातून येऊन थांबले. बराच वेळ बघत राहिले. शेवटी न राहवून म्हणाले, ‘सोललेला नारळ रुजत नाही हो.’

साडूंनी मान वर केली, एक नारळ त्यांच्या हातात दिला. ‘असू द्यावा.’

गेल्या वर्षी मुलांनी रिसॉर्ट ठरवलं आणि वर नियमही काढला, माणशी एक बॅग. साडू काही बोलले नाहीत. पहाटे एक लहानशी बॅग घेऊन आले. मी डिकी उघडली. इतकी रिकामी डिकी मी त्यांच्यासोबत कधी पाहिली नव्हती.

‘बाकीचं?’

‘तिथे सगळं मिळतं म्हणे.’

ताम्हिणीच्या वळणांवर सासूबाईंना मळमळायला लागलं. त्यांनी सवयीने, डोळेसुद्धा न उघडता, पुढच्या सीटकडे हात केला. ‘आवळासुपारी द्या हो.’

‘आणली नाही.’

गाडीत गहजब झाला. ‘असं कसं आणली नाही, भाऊजी?’ आमची ही कडाडली. ‘काका, म्हणजे बॅटरीपण नाही?’ ‘दोरी? दोरी तरी?’ नियम काढणारा पुतण्या सगळ्यांत जास्त चिडला होता. ‘तुमच्या भरवशावर तर निघते मी,’ सासूबाई कण्हत म्हणाल्या. ‘निदान एखादा नारळ!’ हे मी म्हणालो.

साडूंनी सगळं ऐकून घेतलं. माणगावच्या बाजारात गाडी थांबवली, ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणून गेले. तासाभराने आले ते दुकानातल्या दोन पोरांना मागे घेऊन. एकाच्या खांद्यावर ताडपत्री, दुसऱ्याच्या डोक्यावर पालथी बादली. आवळासुपारीची पुडी त्यांच्या स्वतःच्या हातात.

‘अहो, रिसॉर्टमध्ये बादली असते,’ मी म्हणालो.

‘गळकी निघाली तर?’

आम्ही आपापल्या बॅगा मांडीवर घेतल्या आणि डिकी त्यांना मोकळी करून दिली.