समन्वयक सर

हवामानबदलावरच्या संशोधन प्रकल्पाला निधी मंजूर झाला की एक समन्वयक सर नेमले जातात. त्यांचा मूळ विषय कोणता, हे आता घरच्यांनाही नक्की सांगता येत नाही. पदवी म्हणे मृदाशास्त्रातली. पण मातीशी शेवटचा जवळून संबंध आला तो मराठवाड्यातल्या काळ्या रानात गाडी रुतली तेव्हा.

सर हवामानवाल्यांत बसले की उपजीविकेवर बोलतात, समाजशास्त्रज्ञांत बसले की तापमानाच्या नोंदींवर, आणि अर्थशास्त्रज्ञ भेटले की सेंद्रिय कर्बावर. समोरच्याला ज्यातलं कळत नाही तेच काढायचं! त्यामुळे त्यांना आजवर कोणी अडवलेलं नाही.

त्यांच्या प्रत्येक प्रस्तावाची सुरुवात 2016 साली मिरजेहून लातूरला पाणी घेऊन आलेल्या रेल्वेने होते. ती गाडी त्याच वर्षी बंद झाली. सरांच्या प्रस्तावांत अजून धावते.

पण सर पाहावेत ते गावच्या बैठकीत. औसा तालुक्यातल्या एका समाजमंदिरात पडद्यावर नकाशा लागलेला. हवामान खात्याच्या नोंदींचे पाव अंशाचे चौकोन, एकेक साधारण 25 किलोमीटरचा. सर रंग समजावून सांगतायत, तोच मागून एक जण उठतो. "साहेब, माझ्या रानात पडला तर बांधापलीकडं भावाच्या रानात पडत न्हाई. आमी दोघं एका चौकोनात कसं बसावं?"

"फार छान प्रश्न," सर म्हणतात. उत्तर नसलं की ते प्रश्नाला छान म्हणतात. मग वहीत 'स्थानिक ज्ञान' या मथळ्याखाली नोंद होते.

पुढे बसलेल्या आजींना रंगांत रस नसतो. "लेकरा, पाऊस कमी झाला का जास्त, तेवढं सांग."

"दोन्ही, आजी," सर म्हणतात. आणि हे मात्र खरं आहे. 1951 ते 2015 या काळात देशातला पावसाळी पाऊस सुमारे 6 टक्क्यांनी घटला, आणि मध्य भारतात एकाच दिवसात धो धो कोसळण्याचे प्रसंग वाढले. मधल्या उघडिपीही वारंवार येऊ लागल्या.

"म्हंजे आमच्या म्हाताऱ्यावानी," आजी म्हणतात. "आठ-आठ दिस तोंड उघडायचं न्हाई, अन् उघडलं की समदी गल्ली गोळा."

पुढच्या परिषदेत हे वाक्य सरांच्या स्लाइडवर झळकलं. खाली लिहिलं होतं, 'सहभागी मूल्यांकनातून निष्पन्न'. आजींचं नाव नव्हतं.

तरी सरांची टिंगल एका हद्दीपर्यंतच करता येते. रुंद वरंबा-सरीवर सोयाबीन पेरलं की जास्तीचं पाणी सरीतून निघून जातं आणि उघडिपीत वरंब्यात ओल टिकते, हे कृषी विद्यापीठांना कधीचं ठाऊक. पाऊस याच दोन टोकांना चालला आहे, हे हवामानवाल्यांना ठाऊक. आणि अशी पेरणी करणारं बीबीएफ यंत्र वाफसा आल्यावर सगळ्या गावाला एकाच दिवशी हवं असतं, हे फक्त गावाला ठाऊक. या तिघांना एका खोलीत आणून बसवतो तो हाच माणूस. शाकाहारी किती, उपवासाचे किती, याची यादीही स्वतःच करतो. दुपारपर्यंत मृदावाले आणि हवामानवाले एकमेकांचे आकडे खरोखर बघू लागतात. शोधनिबंधावर पहिलं नाव कोणाचं, हा विषय निघेपर्यंत सगळं सुरळीत चालतं. तो निघाला की सर स्वतःचं नाव शेवटी टाकून भांडण मिटवतात.

एवढं करून बढतीचं विचाराल तर, मृदाशास्त्र विभागाला ते हवामानाचे वाटतात आणि हवामानवाल्यांना समाजशास्त्राचे. समितीपुढे त्यांची फाइल आली की 'संबंधित विभागाकडे पाठवावी' असा शेरा पडतो. संबंधित विभाग कोणता, हे अजून ठरलेलं नाही.