पद्मिनीच्या बंपरास तेज आणण्याविषयी

१९६४ साली फियाट डिलाइट या नावाने कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली, पुढे काही काळ प्रेसिडेंट म्हणवून घेतलेली आणि १९७४ पासून पद्मिनी या नावाने नांदलेली गाडी ज्यांच्या दारी अद्याप उभी असेल, त्यांनी रविवारी सकाळी तिच्या निस्तेज बंपराकडे पाहून बाह्या सरसावल्यावर प्रथम एकच कृत्य करावे. ते म्हणजे काहीही करू नये.

बंपरावर जे झळकते ते क्रोमियम निकेलच्या थरावर चढविलेले, एका मायक्रॉनहूनही पातळ असे असते, आणि एवढ्या तुटपुंज्या भांडवलावर काथ्या घेऊन तुटून पडणे म्हणजे दिवाळखोरीची दरखास्त स्वहस्ते दाखल करणे होय. याच सुमारास गॅलरीतून एखाद्या काकू हमखास फर्मावतात, "अरे, चिंच लाव, चिंच!" काकूंचा मान राखावा, चिंच मात्र पितळेच्या तांब्यासाठी राखून ठेवावी.

नंतर बंपराच्या आणि गाडीवरील इतर चकचकीत पट्ट्यांच्या धातूची रीतसर चौकशी करावी. चुंबक न चिकटल्यास पट्टी अ‍ॅल्युमिनियमची असण्याचा संभव असतो; परंतु स्टेनलेस स्टीलचे काही प्रकार चुंबकास दाद देतात व काही देत नाहीत, सबब या एकट्या साक्षीवर निकाल देऊ नये. अ‍ॅनोडाइज केलेल्या पट्टीवरील पांढुरकी अंधारी पॉलिशने हटत नाही, कारण ती ऑक्साइडच्या कठीण थरातच मुरलेली असते. कॉस्टिक सोड्याने तो थर उतरतो हे खरे. पण अंमळ रेंगाळल्यास त्यामागोमाग पट्टीही उतरू लागते.

क्रोमवरील गंजास मात्र स्वयंपाकघरातील अ‍ॅल्युमिनियमची फॉइल पुरते. तिचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने फिरवावा. क्रोमियमहून ती मऊ असल्याने ओरखडा उठत नाही, तांबूस चिखल मात्र जमतो आणि तो पुसताच खाली टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे दिसू लागतात. पाणी पोलादापर्यंत पोहोचते ते याच चोरवाटांनी. म्हणून बंपर कोरडा करून ताबडतोब मेण लावावे, अन्यथा मुंबईच्या खाऱ्या हवेत पुढील पावसाळ्याआधीच हे प्रकरण फेरतपासणीस येते.

घासता घासता किंचित पिवळसर झाक दिसू लागली, तर शेजारी कितीही वाहवा करोत, हात तत्काळ आवरावा. ते निकेल आहे. क्रोमियम संपले आहे, आणि येथून पुढचे काम प्लेटिंगवाल्याचे आहे.